सियाझ: मागच्या सीटची गाडी

मारुती सुझुकीची सियाझ ६ ऑक्टोबर २०१४ रोजी भारतीय बाजारात आली आणि २०२५ मध्ये तिची विक्री बंद झाली. एसएक्स-फोर या आधीच्या सेडानची जागा तिने घेतली. सुरुवातीची दिल्लीतील एक्स-शोरूम किंमत ६.९९ लाख रुपये होती. होंडा सिटी आणि ह्युंदाई व्हर्ना यांच्या वर्गातली गाडी, पण खिशाला त्यांच्यापेक्षा थोडी सोसणारी, अशी तिची ओळख झाली. दहा वर्षांहून अधिक काळात तिचे मालक जे शिकले, त्यातून मध्यम आकाराची सेडान भारतीय कुटुंबाला काय देते आणि काय देत नाही, हे नीट कळते.

या आकाराच्या गाड्या भारतात थोड्या का, याचे उत्तर करात आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने छोट्या गाडीची व्याख्या केली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत. या चौकटीत बसणाऱ्या गाडीला कर कमी. परिणाम असा झाला की, २००८ मध्ये ४१६० मिलिमीटर लांबीची असलेली डिझायर २०१२ मध्ये ३९९५ मिलिमीटरवर आणली गेली आणि कापले गेले ते मुख्यतः डिकीचे टोक. सियाझ मात्र ४४९० मिलिमीटर लांब. चार मीटरच्या रेषेपलीकडे दीड फुटाहून जास्त. म्हणजे तिचा ग्राहक जादा कर भरूनच लांबी विकत घेत होता, आणि ती लांबी कुठे गेली हे पाहण्याचा त्याला पूर्ण हक्क होता.

ती गेली मागच्या सीटपुढे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, सियाझमध्ये २६५० मिलिमीटर आहे. २०१७ च्या डिझायरमध्ये ते २४५० होते. या २०० मिलिमीटरचा बहुतेक फायदा मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना मिळतो. उंच माणसाने पुढची सीट स्वतःच्या सोयीने मागे घेतली, तरी त्याच्यामागे तितकाच उंच माणूस पाय मोकळे ठेवून बसू शकतो. भारतीय घरात गाडी चालवणारा एक आणि मागे बसणारे आई-वडील, मुले, पाहुणे असे तिघे असतात. गणपतीला पुण्याहून रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे निघालेल्या कुटुंबाचे सात-आठ तास कसे जातात, हे स्टिअरिंगवर ठरत नाही, मागे ठरते. मागच्यांसाठी स्वतंत्र एसीची झडप आणि वरच्या मॉडेलमध्ये मागच्या काचेचा पडदा या साध्या गोष्टींचे मालक वर्षानुवर्षे कौतुक करत राहिले, ते यामुळेच.

या सीटची दुसरी बाजूही मालकांनाच कळते. सेडानची बैठक खाली असते. गुडघेदुखी असलेल्या आजींना आत बसताना खाली झुकावे लागते आणि उतरताना हाताचा आधार घेऊन उठावे लागते. एकदा बसल्यावर सुख, पण बस-उठ त्रासाची. गेल्या दहा वर्षांत लोक उंच बांधणीच्या एसयूव्हीकडे वळले, त्यामागे रुबाबाइतकेच हेही कारण आहे, आणि सेडानच्या चाहत्यांनी ते मान्य करायला हवे. मागे मधोमध बसणाऱ्याच्या पायाशी जमिनीचा उंचवटा येतो, म्हणून तिसरा माणूस लहान अंगाचा असेल तर बरे. आतली फिकट बदामी सजावट गाडी प्रशस्त दाखवते. मात्र मुलांचे बूट, तेलकट हात आणि पावसाळ्यातला चिखल तिच्यावर वर्षभरात दिसू लागतो, आणि बहुतेकांना सीटकव्हर घालावेच लागते.

डिकी ५१० लिटरची आहे. दोन मोठ्या बॅगा, एक-दोन लहान, वर गावाहून आणलेले आंबे किंवा तांदूळ, एवढे सहज मावते. पण मागची पाठ पुढे पाडता येत नाही. त्यामुळे लांब किंवा उंच वस्तू, उदाहरणार्थ मुलाची सायकल किंवा छोटे कपाट, आत जात नाही. हॅचबॅकमधून सियाझकडे आलेल्यांना ही गोष्ट बहुधा गाडी घरी आल्यावरच लक्षात येते. कंपनीने या गाडीत सीएनजीचा पर्याय कधी दिला नाही. बाहेरून किट बसवणाऱ्यांची डिकी सिलिंडरने मोठ्या प्रमाणात व्यापली. शिवाय आरटीओत आरसीवर नोंद आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणी हे ओझे वेगळे. डिकीसाठी सेडान घेऊन ती सिलिंडरला देणे हा सौदा रोज लांबचे अंतर कापणाऱ्यालाच परवडतो.

मालकांच्या बोलण्यात सर्वांत जास्त येणारा शब्द ॲव्हरेज. पहिल्या १.४ लिटर पेट्रोल गाडीचे प्रमाणित ॲव्हरेज लिटरला २०.७३ किलोमीटर होते. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या १.५ लिटर मॅन्युअलचे २१.५६ आणि ऑटोमॅटिकचे २०.२८. भारतीय गाड्यांसोबत दिला जाणारा हा आकडा पुण्याच्या वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या नावाने ओळखला जातो. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेसारख्या प्रयोगशाळेत गाडी रस्त्यावर धावत नाही. तिची चाके रोलरवर फिरतात. सुमारे वीस मिनिटांच्या ठरावीक क्रमाने वेग वाढवला आणि कमी केला जातो, सर्वोच्च वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि एसी बंद असतो. हिंजवडीच्या संध्याकाळच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून, चौघांना घेऊन सरकणाऱ्या गाडीशी या चाचणीचे नाते दूरचे आहे. चाचणीचा उपयोग एका गाडीची दुसरीशी तुलना करण्यासाठी. घरखर्चाच्या अंदाजासाठी नव्हे.

प्रत्यक्षात पेट्रोल सियाझ शहरात १२ ते १५ आणि मोकळ्या महामार्गावर १८ ते २० किलोमीटर देते, असे तिचे मालक साधारणपणे सांगतात. या आकाराच्या गाडीला हे उत्तम आहे. कारण मुख्यतः तिचे वजन: सुमारे एक टन. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याचदा थोडा उदार असतो, म्हणून जाणकार मालक टाकी फुल करून, पुढच्या वेळी पुन्हा फुल करताना लागलेले पेट्रोल मोजतात. टाकी ४३ लिटरची आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर चालवणाऱ्याला १५ च्या ॲव्हरेजने ८०० लिटर पेट्रोल लागते आणि १२ च्या ॲव्हरेजने १,०००. लिटरला १०० रुपये धरले तर फरक वर्षाला २०,००० रुपयांचा, म्हणजे एका सर्व्हिसिंगच्या खर्चापेक्षा जास्त. अलीकडे सर्वत्र मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलने या हिशेबाला आणखी एक पदर जोडला आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे उतरणे स्वाभाविक आहे.

डिझेल सियाझची कथा वेगळी आणि थोडी दुर्दैवी. तिचे १२४८ सीसीचे फियाट घराण्यातले मल्टिजेट इंजिन स्विफ्ट-डिझायरमुळे घरोघरी ठाऊक होते. त्याच जातीची इंजिने पुण्याजवळच्या रांजणगावातही बनत. प्रमाणित ॲव्हरेज २६.२१, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये एसएचव्हीएस ही हायब्रिड जोड मिळाल्यावर २८.०९. पण सियाझ आली त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०१४ मध्ये, केंद्र सरकारने डिझेलचे दर नियंत्रणमुक्त केले आणि पेट्रोल-डिझेलमधली दरी आटू लागली. मग हायब्रिडला मिळणारी सवलत १ एप्रिल २०१७ पासून सौम्य हायब्रिडपुरती काढून घेण्यात आली, आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू होताच हायब्रिडवरचा एकूण कर ४३ टक्क्यांवर गेल्याने डिझेल सियाझ लाखाहून अधिक रुपयांनी महागली. १ एप्रिल २०२० रोजी प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि कंपनीने डिझेल इंजिने सोडूनच दिली. गाडी तीच राहिली. तिच्याभोवतीचे नियम तीन वर्षांत तीनदा बदलले आणि त्याची किंमत मालकांनी मोजली.

हायब्रिड या शब्दानेही अनेकांचा गैरसमज झाला. सियाझमधली यंत्रणा गाडी विजेवर चालवत नाही. इंजिनाला पट्ट्याने जोडलेली एक मोटर ब्रेक लावताना वाया जाणारी थोडी ऊर्जा बॅटरीत साठवते आणि वेग घेताना इंजिनाला किंचित हातभार लावते. सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच सोडला की इंजिन बंद, क्लच दाबला की सुरू. बचत खरी आहे, पण छोटी. इंजिन बंद पडले की एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, म्हणून मे महिन्यात मुंबईचे मालक बटण दाबून ही सोय बंदच ठेवतात. १.५ लिटर पेट्रोलमध्ये नेहमीच्या बॅटरीसोबत लिथियम-आयन बॅटरीही आहे. जुनी गाडी घेणाऱ्याने दोन्हींची स्थिती तपासून घ्यावी.

चालवायला ही गाडी शांत आहे, चपळ नाही. १४६२ सीसीचे इंजिन १०५ पीएस ताकद देते, पण त्याची ओढ, १३८ न्यूटन-मीटर, मिनिटाला ४४०० फेऱ्यांवर पूर्ण मिळते. शहरात याचा अर्थ मऊ क्लच आणि तिसऱ्या गिअरमध्ये मंद वेगानेही न अडखळणारी गाडी. घाटात अर्थ बदलतो. पाच माणसे, भरलेली डिकी आणि चालू एसी घेऊन खंडाळ्याचा किंवा कुंभार्लीचा चढ चढताना गिअर उतरवावाच लागतो, इंजिनाचा आवाज वाढतो आणि ट्रकच्या पुढे जाण्यासाठी लांब मोकळा रस्ता बघावा लागतो. चार गिअरच्या जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये हे अधिक जाणवते. भरवशाची बांधणी हा मात्र त्या ऑटोमॅटिकचा गुण. डिझेल गाडी २००० फेऱ्यांच्या खाली सुस्त आणि त्यानंतर जोमदार, त्यामुळे घाटातल्या वळणांवर योग्य गिअर राखण्याची सवय लागते. ज्याला ओव्हरटेकची ताकद हवी, त्याने २०२२ पासून चाकणला बनणाऱ्या टर्बो इंजिनांच्या स्लाव्हिया आणि व्हर्टस या सेडान पाहिल्या. त्यासाठी जास्त पैसेही मोजले.

जमिनीपासूनची उंची कागदावर १७० मिलिमीटर आहे. रिकामी गाडी बहुतेक रस्त्यांवर निर्धास्त जाते. पाच माणसे बसली की मागचे सस्पेन्शन दबते, आणि लांब व्हीलबेसमुळे गाडीचा पोटाखालचा भाग गावाकडच्या उंच, अरुंद गतिरोधकांना घासतो. गतिरोधक तिरका ओलांडायचा हे सियाझच्या चालकांनी आपोआप आत्मसात केलेले कसब आहे. सोसायटीच्या तळघरातला उताराचा रस्ता मात्र तिरका घेता येत नाही, म्हणून घर बदलताना काहींनी पार्किंगचा रॅम्पही पाहून घेतला. खराब रस्त्यावर मऊ सस्पेन्शन हादरे चांगले गिळते.

देखभालीत तिने मालकांना क्वचितच रडवले. पहिली तपासणी १,००० किलोमीटरला, नंतर ५,००० आणि १०,००० ला, पुढे दर १०,००० किलोमीटर किंवा वर्षातून एकदा. सेवाकेंद्रांचे जाळे तालुक्यापर्यंत पोचलेले.

सुरक्षिततेत ती काळाच्या मागे पडली, आणि ही तिची सर्वांत गंभीर उणीव. २०१८ पासून दोन एअरबॅग, एबीएस आणि मुलांच्या सीटसाठीचे आयसोफिक्स हूक सर्व मॉडेलमध्ये होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये घसरण रोखणारी ईएसपी यंत्रणाही सर्व मॉडेलमध्ये आली. सहा एअरबॅग मात्र शेवटपर्यंत आल्या नाहीत. त्याच २०२३ मध्ये स्लाव्हिया आणि व्हर्टस यांना ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले होते. जी गाडी मागच्या सीटसाठी घेतली जाते, तिच्यात मागच्यांसाठी एकही एअरबॅग नसणे खटकते. मागे बसणाऱ्या प्रत्येकाने पट्टा लावणे कायद्याने बंधनकारक आहेच. या गाडीत तो जवळजवळ एकमेव आधार आहे.

विक्री थांबल्यावर सुट्या भागांची चिंता मालकांना वाटणे साहजिक. इंजिनाबाबत ती फारशी नाही, कारण १.५ लिटरचे तेच इंजिन एर्टिगा, एक्सएल-सिक्स आणि ब्रेझामध्येही वापरले गेले, आणि १.३ डिझेल तर अनेक गाड्यांत. हेडलाइट, टेललाइट, बंपर, दरवाजे हे भाग मात्र फक्त सियाझचे, ते पुढे महाग किंवा उशिरा मिळू शकतात. जुन्या बाजारात मध्यम सेडानची किंमत छोट्या गाड्यांपेक्षा वेगाने उतरते, आणि विकणाऱ्याचा तोटा इथे घेणाऱ्याचा लाभ ठरतो. दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवरील दिल्लीतल्या बंदीमुळे तिथल्या डिझेल गाड्या स्वस्तात इतर राज्यांत गेल्या. महाराष्ट्रात अशी गाडी आणायची तर मूळ आरटीओचे ना-हरकत पत्र आणि इथला रस्ता कर, दोन्ही किमतीत धरावे लागतात. पेट्रोल मॅन्युअल गाडी घेताना सर्व्हिसिंगच्या नोंदी, क्लच, सस्पेन्शनचे बुश आणि गाडीच्या पोटाखालचे घासलेले भाग पाहावेत, आणि शक्य असेल तर मागे तिघांना बसवून एखादा गतिरोधक ओलांडून पाहावा.