चिखलदऱ्यात पाऊस जास्त का?

पावसाळ्यात पायथ्याच्या परतवाड्याला नुसतंच आभाळ भरलेलं असतं आणि घाट चढून चिखलदऱ्याला पोचावं, तर धो धो सरी! पूर्णेच्या सपाट खोऱ्यावरून आलेल्या दमट वाऱ्यापुढे गाविलगडचे डोंगर भिंतीसारखे उभे राहतात. वाऱ्याला वर चढावंच लागतं. वर दाब कमी, म्हणून हवा फुगते. फुगताना थंडावते आणि तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस मिळतो तो यामुळेच.

हिमालयात हिवाळ्यात उंच उतारांवर बर्फ साठतं, त्यातही हवेच्या अशाच चढणीचा मोठा हात असतो. मग चिखलदऱ्याला बर्फ का पडत नाही? आपल्याकडे पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी सुमारे ५ किलोमीटर उंचीवर असते. त्याहून उंच ढगांत हिमकण होतातही, पण खाली येताना वितळतात. चिखलदऱ्याच्या जोरदार सरीतले कित्येक थेंब वर बर्फच असतात.