कोंबड्या दगावल्या तर लपवू नका

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. माणसांना लागण झाल्याचे मात्र आढळले नाही. २०२१ मध्ये नवापुरात तो पुन्हा आला.

अशा वेळी लोक आधी चिकन सोडतात. खरे तर ७० अंशांपुढे नीट शिजलेल्या रश्श्यात हा विषाणू टिकत नाही. धोका असतो तो आजारी कोंबडी धरताना, सोलताना, खुराडे झाडताना. रहिमतपूरसारख्या गावात परसात कोंबड्या असतात आणि ही कामे बहुधा घरातल्या बायकांकडेच. एकाएकी दोन-चार कोंबड्या दगावल्या तर त्या कापू नका, ओढ्यात टाकू नका, उघड्या हाताने उचलूही नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

नेहमीच्या फ्लूची लस बर्ड फ्लू रोखत नाही. पण दोन्ही विषाणू एकाच माणसाच्या शरीरात भेटले, तर जनुकांची अदलाबदल होऊन माणसांत झपाट्याने पसरणारा नवा विषाणू तयार होऊ शकतो. म्हणून कोंबड्या पाळणाऱ्यांनी ती दरवर्षी घ्यावी. मेलेल्या कोंबड्या हाताळल्यानंतर दहा दिवसांत ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना कोंबड्यांचेही सांगा. ते विचारतीलच असे नाही.