मीटर गेजचे इंजिन : जुन्या भागांतून नवी बांधणी

वैजापूरजवळच्या रोटेगाव स्थानकातून आज ब्रॉडगेज गाड्या धावत असल्या, तरी मनमाड ते काचीगुडा हा मार्ग मुळात मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांच्या आतील कडांमध्ये एक मीटर अंतर असलेला होता. निजामाच्या राज्यात हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाने तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बांधला गेला आणि १९९०च्या दशकात त्याचे या भागातील रूळ रुंद होईपर्यंत गोदाकाठच्या तालुक्यांची रेल्वेची सारी ये-जा या अरुंद रुळांवरूनच होत राहिली. वाफेच्या काळात स्वतंत्र भारताच्या मीटर गेजवरील प्रवासी गाड्या वायपी आणि मालगाड्या वायजी या दोन जातींच्या इंजिनांनी मुख्यतः ओढल्या. रेल्वेच्या संकेतांत ‘वाय’ म्हणजे मीटर गेज, ‘पी’ म्हणजे प्रवासी आणि ‘जी’ म्हणजे माल. ब्रॉडगेजसाठी याच जागी ‘डब्ल्यू’ येतो. वायपीची ८७१ इंजिने १९४९ ते १९७० या काळात परदेशांत आणि जमशेदपूरच्या टेल्को कारखान्यात बांधली गेली. इतक्या मोठ्या संख्येने धावलेल्या या इंजिनाची चांगली प्रतिकृती मात्र दुकानात जाऊन सहज विकत घेता येत नाही, कारण प्रतिकृतींचा बाजार युरोप, अमेरिका आणि जपान यांच्या रेल्वेभोवती उभा राहिला आहे. ज्याला रोटेगावच्या रुळांवरचे इंजिन घरात हवे असेल, त्याला ते स्वतः घडवावे लागते, आणि या छंदाचे खरे मोल याच गरजेत आहे.

अशा बांधणीचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात पत्रा, सळई, नळी आणि पट्टी यांतून प्रत्येक भाग आराखड्याप्रमाणे कापून, कानशीने घासून आणि डाख देऊन तयार केला जातो. यालाच छांदिष्ट ‘स्क्रॅच बिल्डिंग’ म्हणतात. दुसऱ्यात एखाद्या जुन्या, मोडक्या किंवा भलत्याच देशाच्या इंजिनाचा चालता सांगाडा घेऊन त्याच्यावर नवे अंग चढवले जाते. प्रत्यक्षात निखळ पहिला मार्ग फार थोडे लोक धरतात. चाके, मोटर आणि गिअर जुन्या इंजिनातून घ्यायचे व बॉयलर, केबिन आणि टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा जोडडबा, नव्याने बांधायचे, अशी सरमिसळच बहुतेक ठिकाणी दिसते, आणि तिला कमी लेखण्याचे काहीही कारण नाही. कोणता भाग ठेवावा आणि कोणता टाकावा हे ठरवायला मूळ इंजिनाचा जितका अभ्यास लागतो, तितका नुसत्या कापाकापीला लागत नाही.

हा अभ्यास प्रमाणापासून सुरू होतो. प्रतिकृतींच्या जगात सर्वाधिक रूढ असलेले ‘एचओ’ प्रमाण १:८७ आहे आणि त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, कारण युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरच्या गेजला ८७ने भागले की हाच आकडा येतो. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे असल्याने त्याच प्रमाणात रूळ १९.३ मिलिमीटरचे हवेत. म्हणून बाजारातील रुळांवर उभे केलेले भारतीय ब्रॉडगेज इंजिन वरून बरोबर आणि पायांत आवळलेले दिसते. यावर एक सुंदर तोडगा आहे, पण त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. एका फुटाला तीन मिलिमीटर, म्हणजे १:१०१.६ हे प्रमाण धरले, तर साडेपाच फुटांचे भारतीय ब्रॉडगेज नेमके १६.५ मिलिमीटरचे होते आणि तयार रूळ एका केसाचाही फरक न पडता वापरता येतात.

मीटर गेजच्या बाबतीत गणित आणखी अनुकूल आहे. १००० मिलिमीटरला ८७ने भागले की ११.५ येतात, आणि १:१२० या ‘टीटी’ प्रमाणाचे रूळ १२ मिलिमीटरचे असल्याने त्या प्रमाणातल्या इंजिनाचा सांगाडा एचओ वायपीच्या पोटात बसू शकतो. वायपीचे चालक चाक, म्हणजे दट्ट्याच्या जोराने फिरणारे मोठे चाक, १३७२ मिलिमीटर व्यासाचे होते. १:८७ प्रमाणात ते १५.८ मिलिमीटर होते. हॉर्नबी कंपनीने २०२२ मध्ये टीटी प्रमाणात आणलेल्या ब्रिटिश ए-फोर इंजिनाची चाकांची मांडणी वायपीसारखीच आहे, म्हणजे पुढे चार लहान चाके, मध्ये सहा चालक चाके आणि मागे दोन चाके. त्याच्या मूळ २०३२ मिलिमीटरच्या चालक चाकाला १२०ने भागले की १६.९ मिलिमीटर येतात. फरक जेमतेम एका मिलिमीटरचा आहे आणि पायफळीच्या पट्टीखाली तो सहज झाकला जातो. एकमेकांशी काहीही नाते नसलेली दोन इंजिने प्रमाण बदलताच अशी जुळतात, आणि ही जुळणी शोधून काढण्यात या छंदाचा अर्धा आनंद आहे. ब्रॉडगेजच्या डब्ल्यूजी मालगाडी-इंजिनालाही असाच जोडीदार आहे. त्याचे चालक चाक १५६२ मिलिमीटरचे, तर पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ठरवलेल्या हलक्या ‘मिकाडो’ इंजिनाचे १६०० मिलिमीटरचे. दोघांचीही मांडणी दोन-आठ-दोन अशी. या मिकाडोच्या एचओ प्रतिकृती मुबलक निघाल्याने त्यांचे जुने सांगाडे डब्ल्यूजीसाठी उत्तम ठरतात.

मोठ्या आकाराची प्रतिकृती करणाऱ्यांसाठी १:२२.५ हे प्रमाण तर जणू मीटर गेजसाठीच ठरवलेले आहे. जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ मध्ये बागेत चालवण्याच्या ज्या गाड्या बाजारात आणल्या, त्या ४५ मिलिमीटरच्या रुळांवर मीटर गेजच्या गाड्या दाखवण्यासाठी याच प्रमाणात केल्या होत्या. या प्रमाणात सुमारे १९ मीटर लांबीची वायपी टेंडरसकट ८५ सेंटिमीटरची होते, तिचे चालक चाक ६१ मिलिमीटरचे होते आणि तिच्या पोटात खरी वाफ करता येते.

सुट्या भागांसाठी फार दूर जावे लागत नाही. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार आणि प्रत्येक तालुक्याच्या गावातली भंगाराची दुकाने यांत लागणारे बरेच काही सापडते. बंद पडलेल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये ज्या दांड्यावरून छपाईचे डोके सरकते, तो अचूक घासलेल्या पोलादाचा असतो आणि त्याचे उत्तम आस निघतात. कॅसेट प्लेअरच्या मोटरी शांत आणि एकसारख्या चालतात. सायकलचे आरे, छत्रीच्या काड्या आणि विणकामाच्या सुया यांतून बॉयलरच्या कडेचे कठडे आणि नळ्या होतात, तर पितळी स्टोव्हच्या बर्नरचे आणि निपलचे भाग खऱ्या वाफेच्या इंजिनाला उपयोगी पडतात.

मिळालेली मोटर तशीच चाकांना जोडता येत नाही. ताशी ७५ किलोमीटर वेगाने जाणारी वायपी १:८७ प्रमाणात सेकंदाला सुमारे २४ सेंटिमीटर सरकली पाहिजे; १५.८ मिलिमीटरच्या चाकाचा परीघ सुमारे ५ सेंटिमीटर असल्याने चाक मिनिटाला साधारण २९० फेरे घेईल. मोटर मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, तर त्यांच्यामध्ये ३४ला एक असा वेग उतरवणारा गिअर हवा. आट्यांचा दांडा आणि दातांचे चाक यांची ‘वर्म गिअर’ नावाची जोडी हे काम एकाच टप्प्यात करते. जुन्या इंजिनांत हे प्रमाण बरेचदा कमी ठेवलेले असते, म्हणून ती खेळण्यासारखी सुसाट पळतात. गिअर बदलला की तेच इंजिन फलाटावरून खऱ्या गाडीसारखे हलके निघते.

सांगाड्यातील सर्वांत नाजूक काम चाकांच्या जुळणीचे असते. वाफेच्या इंजिनात दोन्ही बाजूंच्या चाकांवरील क्रँक, म्हणजे दांडा जोडण्याच्या खुंट्या, एकमेकांशी ९० अंशांत ठेवलेल्या असतात, कारण दोन्ही दट्ट्ये एकाच वेळी टोकाला पोचले तर इंजिन जागचे हलणार नाही. प्रतिकृतीत हा कोन नेमका ९० नसला तरी चालते, पण तिन्ही आसांवर तो तंतोतंत सारखा नसेल तर बाजूचे दांडे प्रत्येक फेऱ्याला अडकतात. दांड्याची भोके मोठी करून ही अडचण झाकण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळून चाके उतरवावीत आणि पुन्हा बसवावीत. दट्ट्याकडे जाणारी वाफ वेळेवर सोडणारी वायपीची झडप-यंत्रणा बेल्जियमच्या एगीद वालशर्ट यांनी १८४४ मध्ये शोधलेल्या पद्धतीची आहे. ती सगळी चाकांबाहेर दिसत असल्याने प्रतिकृतीत तिच्यावर घेतलेली मेहनत वाया जात नाही.

जुने भाग घेताना एका रोगाची ओळख हवी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक प्रतिकृतींचे सांगाडे जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे होते, आणि त्यात शिशाची थोडीशीही भेसळ राहिली असेल तर धातू आतून फुगतो, त्याला चिरा पडतात आणि शेवटी त्याचा हातात चुरा होतो. याला ‘जस्ताची कीड’ म्हणतात आणि तिच्यावर इलाज नाही. अशा इंजिनाची चाके, दांडे आणि मोटर काढून घ्यावी आणि सांगाडा पितळी पट्टीतून नवा करावा. वायपीचा मूळ सांगाडाही अमेरिकी पद्धतीच्या जाड पट्ट्यांचा असल्याने पितळी पट्टी तिला शोभतेच.

खऱ्या वाफेवर चालणारी प्रतिकृती हा वेगळाच प्रांत आहे, कारण निसर्गाचे नियम प्रमाणात लहान होत नाहीत. १:२२.५ प्रमाणात लांबी साडेबावीस पटींनी घटते, पृष्ठभाग सुमारे ५०६ पटींनी आणि घनफळ ११ हजारांहून अधिक पटींनी घटते. परिणामी आतल्या थोड्या वाफेच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग फार मोठा पडतो आणि उष्णता झपाट्याने निघून जाते. ग्लासगो विद्यापीठातील न्यूकोमेन या जुन्या पद्धतीच्या वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती १७६३-६४ मध्ये दुरुस्त करताना जेम्स वॉट यांना हेच आढळले होते. ते लहान इंजिन बेसुमार वाफ का खाते, या प्रश्नाचा पाठपुरावा करत ते स्वतंत्र संघनकापर्यंत, म्हणजे वाफ सिलिंडरबाहेर थंड करण्याच्या युक्तीपर्यंत पोचले. वाफेच्या युगाला कलाटणी देणारा विचार एका मोडक्या प्रतिकृतीच्या दुरुस्तीतून निघाला, ही गोष्ट या छंदाला पोरखेळ समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

निसर्गाचे नियम असे लहान होत नसल्यामुळेच बॉयलरमधील धूरनळ्या प्रमाणात बारीक करता येत नाहीत. खरी नळी सुमारे ५० मिलिमीटरची असेल तर १:२२.५ प्रमाणात ती २.२ मिलिमीटर होईल आणि काजळीने लगेच तुंबेल. म्हणून नळ्या संख्येने कमी आणि जाडीने जास्त ठेवतात. इंग्लंडमध्ये १९२०च्या दशकात लहान बॉयलरवरून मोठा वाद झाला. एल.बी.एस.सी. या नावाने ‘मॉडेल इंजिनिअर’ नियतकालिकात लिहिणाऱ्या कर्ली लॉरेन्स यांनी अडीच इंच रुळांवरच्या, कोळशावर चालणाऱ्या आपल्या इंजिनाला प्रत्यक्ष माणूस ओढायला लावून दाखवले, आणि लहान बॉयलरला स्पिरिटच्या दिव्याखेरीज गत्यंतर नाही ही समजूत मागे पडली.

असा बॉयलर तांब्याचा करतात आणि त्याचे सांधे चांदीमिश्रित डाखाने जोडतात. शिसे-कथलाचा साधा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो, तर साडेपाच बार दाबाची वाफ सुमारे १६२ अंशांची असते; हे अंतर जिवावर बेतण्याइतके कमी आहे. चांदीचा डाख मात्र ६०० अंशांच्या वर वितळतो. हे काम महाराष्ट्राला नवे नाही. तांबे लाल तापवून मऊ करणे, साच्यावर ठोकून त्याची कड वळवणे आणि ठोकून कडक झाले की पुन्हा तापवणे ही पुण्याच्या तांबट आळीतली रोजची रीत आहे, आणि टाकणखार लावून चांदीचा डाख वाहता करणे प्रत्येक सोनाराला येते. तांबटाचा हात, सोनाराची फुंकणी आणि गावातल्या टर्नरचे लेथ एकत्र आले तर बॉयलरसाठी परदेशाकडे पाहण्याची गरज उरत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत तडजोड चालत नाही. जुना बॉयलर कितीही चांगला दिसला, तरी तपासल्याशिवाय त्याखाली ज्योत लावू नये. तपासणी पाण्याने करतात. बॉयलर काठोकाठ भरून नवा असल्यास चालू दाबाच्या दुप्पट दाब देतात, कारण पाणी दाबाने जवळजवळ आकसत नाही आणि सांधा सुटलाच तर फक्त गळती होते. हवेने दाब देऊन हीच चाचणी करणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण आहे, म्हणून स्टोव्हचा पंप या कामाला वापरू नये. जुन्या प्रतिकृतींवरील पांढऱ्या आवरणात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि जुन्या चांदीच्या डाखात कॅडमियम. पहिल्याची धूळ आणि दुसऱ्याचा धूर, दोन्ही फुप्फुसांना घातक आहेत.

ही विद्या डोळ्यांनी पाहण्याची सोय महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांच्या ध्यासातून उभे राहिलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तेथे एचओ प्रमाणातील गाड्या, सिग्नल आणि स्थानके एकत्र चालताना पाहिली की एका इंजिनाच्या पलीकडे हा छंद कुठवर जातो ते कळते. नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज संग्रहालयात खऱ्या इंजिनांजवळ उभे राहून मापे समजून घेता येतात, तर वायपी आणि वायजी जिवंत वाफेसह हरियाणातील रेवाडीच्या शेडमध्ये जपलेल्या आहेत. नेरळ–माथेरानची जर्मन इंजिने मात्र नवशिक्याने प्रतिकृतीसाठी निवडू नयेत. त्यांच्या कडेच्या आसांना तीव्र वळणांवर फिरता यावे म्हणून पोकळ नळीच्या आत गोलाकार सांधा बसवलेला आहे, आणि ती रचना लहान आकारात उतरवणे अनुभवी हातालाही जड जाते.

मीटर गेजच्या प्रतिकृतींपुढची खरी अडचण कागदपत्रांची आहे. रूळ बदलले, इंजिने भंगारात गेली आणि स्थानकांची जुनी रूपेही झपाट्याने नाहीशी होत आहेत. रोटेगाव, लासूर, नगरसोल, परसोडा या स्थानकांच्या परिसरातील अनेक घरांत रेल्वेत नोकरी केलेल्या वडीलधाऱ्यांची छायाचित्रे, वेळापत्रके, दुरुस्तीच्या पुस्तिका किंवा इंजिनाच्या क्रमांकाची पितळी पाटी पडून असण्याची शक्यता मोठी आहे. ती दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत किंवा मोडीत जाऊ देऊ नये; छायाचित्राच्या मागे स्थानक, साल आणि इंजिनाचा क्रमांक लिहून ठेवावा, आणि कुणी बांधणी करणारा मापे मागायला आला तर ती त्याला द्यावीत.