बांगड्या ‘फोडा’ म्हणू नये

आमच्या संकेश्वरच्या आत्याला ऑपरेशनसाठी शहरातल्या दवाखान्यात नेले. संमतीपत्र कन्नडमध्ये, आत्याला मराठीच येते. ‘इथं अंगठा करा, बांगड्या फोडा,’ असा हुकूम सुटला. आतोबा शेजारीच उभे. आत्याचा चेहरा उतरला.

रात्रपाळीच्या कन्नड सिस्टरनी मात्र मोडक्या मराठीत ऑपरेशन समजावले. साबणपाण्याने बांगड्या अलगद काढून रुमालात बांधून दिल्या. मगच आत्याने अंगठा केला.

सेवा सुरक्षित वाटली का, हे रुग्णाने ठरवावे, असे माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन सांगत. न्यूझीलंडच्या नर्सिंग कौन्सिलने १९९२ साली हा विचार परिचारिकांच्या शिक्षणात सक्तीचा केला. संमतीआधी पुरेशी माहिती हवी, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात बजावले.

तेव्हा कागद कळला नाही, तर विचारा. अंगठा नंतर.