तारेची गोष्ट – लेखांक ७ : वर जाणाऱ्या माहितीची शेजपाळी

मागच्या आठवड्यात आपण केबलच्या तारेतून घरात येणारी माहिती पाहिली. आज उलट्या दिशेने जाऊ. शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडलेली कागदपत्रं, पीक विम्यासाठी काढलेले फोटो, व्हिडिओ कॉलवर दिसणारा आपला चेहरा, हे सगळं घरातून बाहेर जातं. ही बाहेरची वाट आत येणाऱ्या वाटेपेक्षा फार अरुंद असते. ती तशी का, हे कळायला आपलं सिद्धेश्वर धरण उपयोगी पडेल.

येलदरीच्या वीजकेंद्रातून सुटलेलं पूर्णेचं पाणी सिद्धेश्वरच्या जलाशयात येतं आणि तिथून कालव्याने शेतांकडे निघतं. कालवा, वितरिका, चारी असं वाटत वाटत ते एकाच दिशेने उतरतं. टीव्हीची केबलही अशीच बांधलेली होती. हेडएंड म्हणजे केबलचालकाचं मुख्य केंद्र, ते धरण, जाड केबल हा कालवा आणि घरात शिरणारी बारीक तार ही शेवटची चारी. वाटेत सिग्नल क्षीण झाला की खांबावरचा अँप्लिफायर त्याला पुन्हा जोर देई, पण फक्त घराच्या दिशेने. घराकडून काही परत येईल, अशी कुणाची अपेक्षाच नव्हती.

पुढे याच तारेतून इंटरनेट द्यायचं ठरलं. १९९७ मध्ये त्यासाठी ‘डॉक्सिस’ हे तांत्रिक मानक आलं. तार एकच होती, म्हणून दोन्ही दिशांसाठी वारंवारितेची वाटणी करावी लागली. अमेरिकेत टीव्हीचं २ नंबरचं चॅनेल ५४ मेगाहर्ट्झपासून सुरू होतं. त्याला धक्का न लावता उरलं ते तळाचं वावर : ५ ते ४२ मेगाहर्ट्झ. ४२ ते ५४ हा बांध मोकळा ठेवावा लागला, कारण दोन दिशा वेगळ्या करणारा डायप्लेक्स फिल्टर एका रेघेवर कापू शकत नाही. युरोपात ही वरची हद्द ६५ मेगाहर्ट्झपर्यंत नेली गेली. घराकडे येणाऱ्या दिशेला मात्र शेकडो मेगाहर्ट्झ मिळाले. म्हणजे आजच्या अपलोडची रुंदी जुन्या टीव्ही चॅनेलांच्या जागेवरून ठरली.

त्या तळाच्या वावरातही गाळ असतो. पाणलोटात कुठेही पाऊस पडो, माती शेवटी धरणातच येते. तसंच प्रत्येक घरातला विद्युत गोंगाट परतीच्या वाटेने एकाच नोडवर, म्हणजे परिसरातल्या तारा जिथे एकत्र येतात तिथे, गोळा होतो. सैल कनेक्टर, उघडा राहिलेला स्प्लिटर, ठिणग्या टाकणारी मोटर आणि हवेतले शॉर्टवेव्ह रेडिओचे सिग्नल या सगळ्यांची भर त्यात पडते. २० मेगाहर्ट्झच्या खाली हा त्रास सर्वांत जास्त. त्यामुळे ५ ते ४२ मधला भरवशाचा पट्टा प्रत्यक्षात २० ते ४२ एवढाच उरतो. एका घरातली सैल पिन अख्ख्या गल्लीचं अपलोड बिघडवू शकते, ते यामुळे.

मग इतक्या घरांनी एकाच वाटेने बोलायचं कसं? शेजपाळीने! शेतकरी नमुना ७ भरून पाण्याची मागणी करतो, मग पाळी लागते आणि ठरल्या वेळी दार उघडतं. केबल मॉडेमही आधी छोटी मागणी पाठवतो. हेडएंडचं यंत्र त्याला वेळेचा तुकडा नेमून देतं आणि तेवढ्याच वेळात तो बोलतो. दोन मॉडेमच्या मागण्या एकाच क्षणी धडकल्या, तर दोघंही थोडं थांबून पुन्हा मागतात. हे सारं सेकंदाच्या हजाराव्या भागांत चालतं.

आता हिशोब करू. परतीच्या वाटेवरचं एक रुंद चॅनेल ६.४ मेगाहर्ट्झचं. त्यात सेकंदाला ५१.२ लाख चिन्हं जातात. ६४-क्यूएएम पद्धतीत प्रत्येक चिन्ह ६ बिट वाहून नेतं, म्हणून वेग होतो ३०.७२ एमबीपीएस. गोंगाट वाढला की १६-क्यूएएमवर उतरावं लागतं. मग चिन्हामागे ४ बिट आणि वेग २०.४८. सुरुवातीला एका मॉडेमला एका वेळी एकच चॅनेल मिळे. २००६ च्या डॉक्सिस ३.० ने चॅनेल बाँडिंग आणलं. मॉडेम आपली माहिती क्रमांक घालून चार चॅनेलांवर वाटतो, पलीकडचं यंत्र ती क्रमाने पुन्हा जुळवतं. चार चाऱ्यांचं पाणी एकाच शेतात आलं!

पण चार गुणिले ६.४ म्हणजे २५.६ मेगाहर्ट्झ. २० ते ४२ मध्ये जागा आहे २२ची. चौथं चॅनेल एक तर अरुंद करा, नाही तर गाळाच्या भागात ढकला. बाँडिंग चाऱ्या जोडतं, वावर वाढवत नाही. वावर वाढवायचं तर बांध सरकवावा लागतो. म्हणून वरची हद्द आधी ८५, मग २०४ मेगाहर्ट्झपर्यंत नेण्याची सोय मानकांत झाली आणि डॉक्सिस ४.० मध्ये ती ६८४ पर्यंत जाऊ शकते. त्यासाठी तिथली टीव्ही चॅनेलं हलवावी लागतात आणि वाटेतला प्रत्येक अँप्लिफायर, प्रत्येक फिल्टर बदलावा लागतो. खर्च आहे तो इथे.

आपल्याकडे हॅथवेसारख्या कंपन्यांनी मुंबई-पुण्यात केबलमधून इंटरनेट दिलं. लहान गावांत मात्र बहुतेक अँप्लिफायर एकाच दिशेचे राहिले. आता अनेक केबलचालक थेट फायबर ओढतात. फायबरवरही वाटणी आहेच. गावोगाव वापरल्या जाणाऱ्या जीपीओएन पद्धतीत घराकडे १४९० नॅनोमीटरचा प्रकाश येतो आणि घराकडून १३१० नॅनोमीटरचा जातो. घराकडे येणारा वेग २.४८८ जीबीपीएस, परतीचा १.२४४, आणि तोही शेजारच्या घरांसोबत पाळीने वाटलेला. फरक एवढाच की इथे परतीची वाट पहिल्या दिवसापासून आराखड्यात आहे.

म्हणून नवं कनेक्शन घेताना दोन आकडे विचारा. येण्याचा वेग सगळेच सांगतात, जाण्याचा वेग विचारावा लागतो. केबल मॉडेम असेल तर कनेक्टर घट्ट करा आणि स्प्लिटरच्या रिकाम्या तोंडाला ७५ ओहमचं टर्मिनेटर लावा. शेजारधर्मच आहे तो. तार ओढताना ज्यांच्या बोलण्याचा विचार झाला नाही, त्या घरांतूनच आज अर्ज, फोटो आणि तक्रारी वर जायच्या आहेत. तार पुन्हा ओढली जात असताना आपण हे मागून घेतलं पाहिजे.

(पुढील लेखांकात : फायबरचा स्प्लिटर – एका धाग्याची बत्तीस घरं)