अडीच सेकंदांचा अजिंठा

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळीच जळगाव सोडले. नेरी, पहूर, वाकोद करत फर्दापूर गाठले तेव्हा कपाशीवरचे दव अजून उतरले नव्हते. अंतर जेमतेम साठ किलोमीटर. अजिंठा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असला तरी आम्हा खानदेशकरांना तो घरचाच. लेण्यांच्या पायथ्याची वाघूर नदीच पुढे धरणात अडते आणि जळगावच्या नळाला येते. दोन दिवस केवळ वास्तूचे फोटो काढायचे, एवढेच ठरवून गेलो होतो. पण मनात घर केले ते तिथल्या आकड्यांनी.

पहिला आकडा कॅमेऱ्याने दिला. बाहेर हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात फोटोला 1/500 सेकंद पुरत होता. दहाव्या लेण्यात शिरलो, बाकी काही न बदलता कॅमेरा जमिनीवर टेकवला, तर लागले 2 सेकंद. म्हणजे दहा-पंधरा पावलांत उजेड हजारपटीने कमी झाला होता. अशा अंधारात कारागिरांनी छिन्नी चालवली आणि कुंचलाही.

हे दहावे लेणे म्हणजे ख्रिस्तपूर्व काळातले चैत्यगृह. लांबी सुमारे 30 मीटर, रुंदी 12, उंची 11 आणि आत 39 खांब. गुणाकार केला तर जवळपास 4,000 घनमीटर होतात. खांब, स्तूप आणि छताची कमान यांचे माप वजा करून 3,000 धरू. आपल्या काळ्या पाषाणाचा एक घनमीटर पावणेतीन टनांहून जड भरतो. म्हणजे या एका दालनातून निदान 8,000 टन दगड बाहेर काढला गेला. आज तो वाहायला दहा टनी ट्रक लागतील 800. एका ट्रकला दहा मीटर जागा धरली तर रांग होईल आठ किलोमीटरची. फर्दापूर फाट्यापासून लेण्यांपर्यंतचा रस्ता चार किलोमीटरचा आहे. तो दोन्ही अंगांनी भरून जाईल. आणि हे फक्त एक लेणे. घोड्याच्या नालेसारख्या वळणावर, 76 मीटर उंच कड्यात, अशी 30 लेणी आहेत. 76 मीटर म्हणजे पंचवीस मजली इमारत.

यात रचलेले काहीच नाही. सगळे कोरून काढलेले. बांधकामात चुकलेली वीट काढून दुसरी बसवता येते. इथे छिन्नी एकदा खोल गेली की गेली.

आता काळाचे माप. हा दगड दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हापासूनचा काळ चोवीस तासांत बसवला, तर दहाव्या लेण्याची 2,000 वर्षे भरतात अडीच सेकंद. माझ्या एका फोटोला लागले त्याहून किंचित जास्त. आणि 1839 मध्ये जगासमोर आलेल्या छायाचित्रणकलेचे अख्खे आयुष्य पाव सेकंदाचे.

याच लेण्यात 28 एप्रिल 1819 ला जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने खांबावर आपले नाव कोरले. ते आज आपल्या डोक्याच्या वर दिसते, कारण तेव्हा आत पुरुषभर नाही तरी छातीएवढा गाळ साचला होता आणि तो त्यावर उभा होता.

त्यानंतर आला मेजर रॉबर्ट गिल. ईस्ट इंडिया कंपनीने 1844 मध्ये त्याला इथल्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम दिले आणि 1863 पर्यंत तो त्यातच राहिला. कॅनव्हास झाले तीसच्या आसपास. एकेका चित्रामागे सरासरी सात-आठ महिने. ते लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावले गेले आणि 1866 च्या आगीत जवळपास सगळे जळाले. मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून तेरा वर्षे पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही अनेक 1885 मध्ये लंडनच्याच संग्रहालयातल्या आगीत गेल्या.

गिल फोटोही काढायचा. ते मात्र उरले. 1864 मध्ये त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली: एकात 74 चित्रे, दुसऱ्यात 100 जोडचित्रे. त्या काळी काचेच्या पट्टीवर रसायन चढवायचे, ते ओले असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा, अशी रीत होती. मी दोन दिवसांत सहाशेवर फोटो काढले. त्यांतले दहा तरी त्याच्या एकाच्या तोडीचे आहेत का, हे मला सांगता येत नाही.

गिल 1879 मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

नकला दोनदा जळाल्या. भिंतीवरचे मूळ टिकले, पण ते फार नाजूक उरले आहे. आपल्या श्वासाची ओलसुद्धा त्याला बाधते. या हिवाळ्यात सोमवार सोडून कधीही जा, कारण सोमवारी लेणी बंद असतात. पण फ्लॅश बंद ठेवा, भिंतीला हात लावू नका. आणि दहाव्या लेण्यात एक फोटो कमी काढून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत शांत उभे राहा.