काचेच्या पेटीतला दादा

मोठा मासा लहान माशाला गिळतो, याला आपण ‘मत्स्यन्याय’ म्हणतो. घरच्या टाकीत मात्र गिळण्यापेक्षा हुसकावणंच जास्त चालतं. एखादा मासा दुसऱ्याला खात नाही, पण दिवसभर पळवून पळवून त्याचा जीव नकोसा करतो. अशा एका दादाला टाकीबाहेर काढायचं काम गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आणि माझ्या धाकट्या भावाकडे आलं.

मामाची पुण्याला बदली झाली आणि त्याची तीन फुटी टाकी माशांसकट आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आली. तिच्यात चार गोरामी, आठ टेट्रा आणि एक रेड टेल शार्क. मखमली काळं अंग, लालभडक शेपटी. नावात शार्क असला तरी शार्कशी त्याचं काही नातं नाही. तो कार्प कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा भाऊबंद. लहान असताना गरीब वाटतो; पाच-सहा इंचांचा होईपर्यंत मात्र टाकीचा तळ स्वतःच्या नावावर करून घेतो. भावाने त्याचं नाव ‘राजा’ ठेवलं होतं.

काढायचा, पण का?

एका गोरामीचे पर फाटले होते. ती फिल्टरच्या मागे कोपऱ्यात, पाण्याच्या वर तोंड करून उभी असायची आणि खाणं टाकलं तरी यायची नाही. आम्ही रोज पंधरा मिनिटं शांत बसून पाहिलं. प्रत्येक वेळी राजाच दगडाखालून बाणासारखा सुटायचा.

आधी दगड आणि झाडं हलवून पाहिली. मांडणी बदलली की माशाची ‘माझी जागा’ पुसली जाते आणि भांडण थंडावतं. तीन दिवस थंडावलंही. चौथ्या दिवशी राजाने नवा दगड धरला.

“ताई, पण तो तर असाच आहे ना? मग त्याला शिक्षा का?” भावाने विचारलं.

प्रश्न बरोबर होता. नदीत हाच मासा शेवाळ चरायची जागा राखतो. दुसरा कोणी आला की त्याच्यावर धावतो, दुसरा निघून जातो, भांडण तिथेच संपतं. तीन फुटांच्या काचेत हरलेल्याला जायला जागाच नसते. म्हणजे दोष राजाचा नाही आणि गोरामीचाही नाही. शिक्षा नव्हे, दोघांना वेगळं घर द्यायचं होतं.

पकडायचा कसा?

एक जाळी घेऊन मागे लागलात तर मासा हमखास जिंकतो. बाकीचे मासे घाबरतात, झाडं उपटतात, पाणी गढूळ होतं. म्हणून तयारी आधी करावी. टाकीचंच पाणी भरलेली झाकणाची बादली आणि एअर पंपाची नळी जवळ ठेवावी. झाकण हवंच, कारण असे मासे उडी मारतात.

सोपा उपाय रात्रीचा. दिवे बंद करून दोन तास गेले की बरेच मासे सुस्तावतात. तेव्हा टॉर्चच्या उजेडात पकडता येतात. दुसरा उपाय बाटलीचा. मोठ्या प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवायचं, बाटलीला भोकं पाडायची आणि आत खाणं टाकायचं. मात्र ती रात्रभर तशीच सोडू नये.

राजा दोन्हींना पुरून उरला. मग रविवारी सकाळी आम्ही तिसरा उपाय केला. फिल्टर बंद केला. (हीटर असेल तर तो आधी बंद करून गार होऊ द्यावा, नाहीतर पाण्याबाहेर त्याची काच तडकते.) नळीने दोन तृतीयांश पाणी स्वच्छ बादल्यांत काढलं आणि दगड एकेक करून उचलले. लपायला जागा उरली नाही. मोठी जाळी मी कोपऱ्यात स्थिर धरली, भावाने लहान जाळीने त्याला हळूहळू माझ्याकडे आणलं. दोन मिनिटांत राजा बादलीत! काढलेलं पाणी परत टाकीत ओतलं.

हाताने मात्र पकडू नये. अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की मासा आजारी पडू शकतो.

सुरसागरात नको!

“अगं, सुरसागरात सोडून या. पुण्य लागेल,” आजोबा म्हणाले.

“आजोबा, तिथल्या माशांना ते पुण्य महागात पडायचं,” मी म्हटलं.

टिलापिया १९५२ मध्ये भारतात मुद्दाम आणला गेला. आज तो देशभरच्या तळ्यांत पसरून तिथल्या माशांची जागा खातो. टाकीतला कचरा साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा लोकांनी असाच सोडून दिला. त्याच्या काटेरी अंगाने आता मच्छीमारांची जाळी फाटतात. शिवाय टाकीतले रोगही माशाबरोबर तळ्यात जातात. उलट रेड टेल शार्कची स्वतःची गोष्ट वेगळीच आहे. थायलंडच्या नद्यांत तो आज जवळजवळ दिसेनासा झालाय. दुकानात येतात ते शेतीत वाढवलेले. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि बादली उचलायला स्वतःच पुढे आले.

ओळखीच्या दुकानदाराने राजाला पाहून मान हलवली. “बेन, आ तो एकलो ज सारो,” म्हणत त्याने त्याला रिकाम्या टाकीत घेतलं. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, थोडं थोडं पाणी आत घातलं आणि मग सोडलं. भाऊ अधूनमधून त्याला भेटून येतो.

तिसऱ्या दिवशी गोरामी फिल्टरमागून बाहेर आली. तिचे पर हळूहळू भरून येतायत. आता टेट्रांमध्ये कोणी नवा दादा होतोय का, यावर भावाची नजर असते. आणि दुकानात नवा मासा आवडला की तो आधी दोन प्रश्न विचारतो: हा मोठेपणी केवढा होतो, आणि कोणाबरोबर राहतो?